तिसरा हात

"सायेब, तुम्हाला घाई न्हाई, मग बंदूक कशाला?"

पौडचे आमचे सुतार मिस्त्री नवीन कॉम्प्रेसरकडे बघत एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला लागले. मी तोंड उघडून काही तरी सांगणार होतो (काम लवकर होतं, फिनिशिंग चांगलं येतं वगैरे वगैरे), पण सगळी उत्तरं घाईचीच होती. घाई तर मला खरंच नव्हती. दोन दिवसांची सुट्टी, दोन खोल्यांचं घर, एक पुस्तकांची मांडणी आणि एक हौशी माणूस. घाई कसली डोंबलाची?

तो प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं बरोबर उत्तर मिळायला मला दीड वर्ष आणि एक मोठी घाबरगुंडी लागली. आजचा लेख त्या उत्तराबद्दल आहे. हल्ली ओळखीच्या चार जणांपैकी एकाकडे तरी कॉम्प्रेसर आलाय किंवा येऊ घातलाय. दोन्ही मिळून एका बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत येतं, ऑनलाइन मागवलं की दारात. त्यामुळे म्हटलं, लिहून टाकावं.

थोडी पार्श्वभूमी. माझं ऑफिस हिंजवडीत, आणि शनिवार-रविवारचं घर पौडच्या पुढे. गंमत म्हणजे हिंजवडीही कागदोपत्री मुळशी तालुक्यातच येते. म्हणजे आठवडाभर तालुक्याच्या एका टोकाला कोड आणि शनिवारी दुसऱ्या टोकाला लाकूड. आमच्यासारख्या लोकांना हाताने काहीतरी करायची खाज का सुटते यावर बरंच लिहून झालंय. मी भर घालत नाही.

आता मुद्द्याचं.

कॉम्प्रेसर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजून पंक्चरचं दुकानच येतं. भक-भक-भक करणारं, तेलकट, लाल रंगाचं ते धूड. घरी जो आणायचा तो त्याचाच धाकटा भाऊ: 24-25 लिटरची टाकी, एक-दीड हॉर्सपॉवरची मोटर. मोटर हवा दाबून टाकीत भरते, दाब साधारण 8 बारला पोचला की आपोआप थांबते, दाब उतरला की पुन्हा सुरू होते. 8 बार म्हणजे किती? आपल्या स्वयंपाकघरातला कुकर शिटी देतो तेव्हा आत वातावरणापेक्षा जेमतेम 1 बार जास्त दाब असतो. इथे त्याच्या आठपट. कुकरची शिटी चोंदली तर आपण काय घाबरतो ते आठवा आणि मग टाकीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग महिन्यातून एकदा ओढून बघायची सवय लावा. फुस्स झालं पाहिजे.

गनचं तंत्र त्याहून सोपं. आत एक दट्ट्या, त्याला पुढे पोलादी पाते. ट्रिगर दाबला की दाबाची हवा दट्ट्याच्या डोक्यावर येते, पातं खाली झेपावतं, चिकटपट्टीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या चुकांमधली पहिली चूक तोडतं आणि लाकडात घालतं. ट्रिगर सोडला की दट्ट्या परत वर. सगळा खेळ डोळ्याची पापणी लवायच्या आत.

ही वस्तू आली कुठून? नेल गन अमेरिकेत 1950 च्या सुमारास बाजारात आली. तिथली घरं लाकडी सांगाड्याची. जमीन लाकडाची, भिंत लाकडाची, छप्पर लाकडाचं. एका घरात हजारो खिळे. महायुद्ध संपलेलं, घरांची टंचाई, भराभर वसाहती उभ्या करायच्या होत्या. तिथे वेग हाच सगळा मामला होता. आपली घरं विटांची नाहीतर आरसीसीची. आपल्याकडे कोणी भिंत खिळे ठोकून उभी करत नाही. त्यामुळे यूट्यूबवर एखादा अमेरिकन दादा फटफटफट खिळे मारत दुपारपर्यंत शेड उभी करतो ते बघून आपण गन आणायची, म्हणजे हिमालयातली थर्मल घालून दादरला जाण्यापैकी आहे.

मग आपल्या घरात हिचं काम काय?

मी पुस्तकांची मांडणी करत होतो. प्लायवूडच्या फळ्या कापून झाल्या की कडेला प्लायचे थर दिसतात, बिस्किटासारखे. ते झाकायला सागाची बारीक पट्टी लावतात, बीडिंग. काम ऐकायला सोपं. फेविकॉल लावायचा, पट्टी ठेवायची, बारीक चुका मारायच्या. आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. फेविकॉल ओला असतो तोवर पट्टी साबणासारखी सरकते. सहा फूट पट्टीचं एक टोक जुळवलं की दुसरं खाली येतं. एका हाताने पट्टी धरायची, दुसऱ्या हातात हातोडी, मग चूक कोण धरणार? चूक धरली की पट्टी सरकते. कशीबशी धरून हातोडी मारली की त्या दणक्याने पट्टी पुन्हा हलते. क्लॅम्प लावायचे तर दर फुटाला एक हवा, म्हणजे एका फळीला सहा. पाच फळ्यांना तीस क्लॅम्प, किंवा पाच दिवस.

इथे गन लागते. डाव्या हाताने पट्टी जागेवर, उजव्या हाताने गन टेकवून एक चूक. पट्टी तसूभर हलत नाही, कारण दणका बसायच्या आत काम झालेलं असतं. दुसऱ्या टोकाला एक, मध्ये दोन. झालं. आता ती फळी उचलून भिंतीला उभी करा आणि फेविकॉलला त्याच्या वेळात वाळू द्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. त्या चुका भार पेलत नाहीत. 18 गेजची चूक म्हणजे जेमतेम सव्वा मिलीमीटर जाडीची तार, तिला धड डोकंही नसतं. सांधा धरतो तो फेविकॉल. चुका फक्त तो वाळेपर्यंत पट्टीला धरून उभ्या राहतात. थोडक्यात, नेल गन ही हातोडी नाहीच. ती तिसरा हात आहे, आणि हा हात चोवीस तास न कंटाळता धरून ठेवतो.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. हॉवर्ड ह्यूजने चाळीसच्या दशकात लाकडाचं एक अवाढव्य विमान बांधलं. पंखांची रुंदी सव्वातीनशे फुटांच्या आसपास, आणि उडालं एकदाच, 2 नोव्हेंबर 1947 ला, तेही मैलभर. त्याच्या लाकडी थरांचा गोंद वाळेपर्यंत ते बारीक खिळ्यांनी धरून ठेवले होते आणि गोंद वाळल्यावर ते खिळे उपटून काढले. इतके खिळे ठोकायचे आणि परत काढायचे! पण खिळ्याचं काम संपलेलं होतं. विमान गोंदावर उभं होतं.

तर मिस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर हे. घाई नाही, हात कमी पडतोय म्हणून बंदूक. माझं म्हणणं असं की घरी नेल गन आणणाऱ्याने हे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं, कारण काय घ्यायचं, काय नाही, कसं वापरायचं, हे सगळं त्यातून आपोआप ठरतं.

उदाहरणार्थ, कुठली गन घ्यायची? दुकानात गेलात (मी बोहरी आळीत गेलो होतो, हाताळून घेता येतं) तर तुमच्यापुढे रांग मांडतात. एफ-30 म्हणजे 30 मिलीमीटरपर्यंतच्या चुका मारणारी. एफ-50 म्हणजे 50 पर्यंत. एसटी-64 ही काँक्रीटमध्ये खिळे मारणारी, पीओपी आणि फॉल्स सीलिंगवाले वापरतात. मोठी घेतली की छोटंही काम होईल असं आपलं मध्यमवर्गीय मन सांगतं. ऐकू नका. तिसऱ्या हाताला एफ-30 पुरते. बीडिंग, मांडणीची पाठ, ड्रॉवरचा तळ, फोटोची चौकट, सगळं त्यात येतं. एसटी-64 घरात नकोच. खिळा विटेत, काँक्रीटमध्ये किंवा आत दडलेल्या सळईवर कसा आदळेल आणि कुठे उलटेल याचा नेम नाही. भिंतीत काही लावायचं असेल तर ड्रिल मशीन आणि रावळप्लग आहेत ना.

तसंच कॉम्प्रेसरचं. चूक मारायला हवा अगदी थोडी लागते. एकदा टाकी भरली की बऱ्याच चुका मारून होतात, मग मोटर पुन्हा जरा वेळ चालते. घाई नसेल तर 25 लिटर भरपूर. मात्र उद्या याच कॉम्प्रेसरवर गेटला स्प्रे पेंट मारायचा बेत असेल तर वेगळा विचार करा. स्प्रे गन सलग हवा खाते आणि छोटा कॉम्प्रेसर तिच्यापुढे धापा टाकतो. आवाजाचंही बघा. तेलाचा स्वस्त आणि दणकट, पण बंद खोलीत शेजारी उभं राहून बोलता येत नाही. बिनतेलाचे 'सायलेंट' म्हणून मिळतात, ते महाग, पण सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहात असाल तर तेच घ्या. रविवारी दुपारी दोन ते चार पुण्यात भक-भक करणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. :)

बॅटरीवरच्या गनही आल्यात. नळी नाही, कॉम्प्रेसर नाही. जड असतात आणि महाग असतात. ज्याला फक्त चुकाच मारायच्या आहेत आणि खिसा परवानगी देतो त्याने जरूर तीच घ्यावी. आणि ज्याला वर्षातून चारच चुका मारायच्यात त्याने हातोडी घ्यावी. यात कमीपणा नाही.

आता मुळशीचे दोन खास प्रश्न, जे कुठल्याच अमेरिकन दादाने मला सांगितले नाहीत.

पहिला पाण्याचा. इथला पाऊस तुम्हाला माहितीच आहे. जुलै 2024 च्या शेवटच्या आठवड्यात ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलीमीटरच्या वर पडला. अशा हवेत कॉम्प्रेसर चालवला की तो हवेबरोबर ढगही टाकीत भरतो. गंमत म्हणून हिशेब केला. 25 लिटरची टाकी 8 बारपर्यंत भरायची म्हणजे बाहेरची सव्वादोनशे लिटर हवा आत कोंबायची. 28 अंशाला पूर्ण दमट हवेत एका घनमीटरला सुमारे 27 ग्रॅम वाफ असते. पावसाळी दिवशी आर्द्रता 90 टक्के धरली तरी त्या सव्वादोनशे लिटरमध्ये साडेपाच ग्रॅम पाणी आलं. टाकीत जागा 25 लिटरचीच, तिथे वाफ म्हणून जेमतेम पाऊण ग्रॅम राहू शकते. बाकीचं टाकी गार झाल्यावर तळाशी. म्हणजे रिकामी टाकी एकदा भरली की चहाचा एक चमचा पाणी! दिवसभर चालवला तर अर्धी वाटी सहज.

ते पाणी दोन कामं करतं. गनमध्ये जाऊन आतलं वंगण धुऊन टाकतं, आणि टाकीला आतून गंज चढवतं. पहिलं काम नुकसानीचं, दुसरं धोक्याचं. आठ बार दाब धरून बसलेल्या पत्र्याला आतून गंज लागलाय हे बाहेरून दिसत नाही. उपाय फुकट आहे. टाकीच्या पोटाखाली एक छोटा कॉक असतो, काम संपलं की तो उघडायचा. पहिल्यांदा उघडाल तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी बघून दचकाल. नळीच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावा, आणि गनच्या तोंडात सकाळी दोन-तीन थेंब तेल टाका. बस.

दुसरा प्रश्न विजेचा. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याला जातं आणि तिथे 1927 पासून वीज होते. ती मुंबईसाठी. ज्यांची गावं बुडाली त्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट हे नाव त्यातूनच आलं. तो इतिहास मोठा आहे, इथे एवढंच म्हणतो की धरणाच्या शेजारी राहून संध्याकाळी व्होल्टमीटरवर 180 बघणं यात एक काव्यगत अन्याय आहे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे 230 चे 180 झाले तर जोर साठ टक्क्यांवर येतो. मोटर नुसती हूं हूं करते, फिरत नाही आणि तापते. असं झालं तर लगेच बंद करा आणि रिंग ओढून टाकीचा दाब उतरवून मग प्रयत्न करा. तरीही फिरली नाही तर वीज सुधारेपर्यंत पुस्तक वाचा.

यात भर आपणच घालतो, लांब एक्स्टेंशन बोर्ड लावून. 25 मीटरची, एक चौरस मिलीमीटर तांब्याची वायर घेतली तर जाऊन-येऊन रोध जवळपास 0.9 ओहम. दीड हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना क्षणभर 35 अँपिअर तरी ओढते. म्हणजे तीसेक व्होल्ट वाटेतच गायब! म्हणून नियम: कॉम्प्रेसर गीझरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटशेजारी ठेवा आणि वायरऐवजी हवेची नळी लांब घ्या. पंधरा मीटर नळीतून चुकांपुरती हवा काहीही कुरकुर न करता येते.

इथपर्यंत सगळं गोड. आता घाबरगुंडी.

गेल्या वर्षी आषाढातली गोष्ट. पाऊस कोसळत होता, लाइट होते, आणि माझा हात बसला होता. चौथी फळी. चिरंजीव, वय वर्षं बारा, पट्टीचं लांबचं टोक धरून उभा होता. त्याला मजा येत होती, मला चढली होती. फट, फट, फट. टेकवायचं आणि दाबायचं, टेकवायचं आणि दाबायचं. टोकाजवळ आलो तिथे पट्टीत एक गाठ होती. मी पाहिली नाही. चूक गाठीवर आपटली, आतल्या आत वळली आणि पट्टीच्या बाजूने बाहेर आली. त्याच्या अंगठ्यापासून एक बोटभर अंतरावर.

त्याला कळलंही नाही. "बाबा, ही बघ वाकडी आली," म्हणाला. मी गन खाली ठेवली, नळी काढली आणि पडवीत जाऊन बसलो. हात थरथरत होते. बायकोने विचारलं काय झालं, तर म्हटलं दमलो.

त्या दिवशी मी चूक काय केली हे नीट मांडायला पाहिजे, कारण "काळजी घ्या" असं नुसतं लिहून कोणी काळजी घेत नाही. ज्या कामाला तिसरा हात म्हणून गन आणली, त्याच कामाला मी पोराचा हात लावला होता. का? तर एक टोक चुकेने धरून मग दुसऱ्या टोकाला जायला अर्धं मिनिट जास्त लागलं असतं. म्हणजे मिस्त्रींना मी जे उत्तर द्यायचं टाळलं होतं, तेच मी करत होतो. घाई.

घरी येऊन वाचत बसलो. (हे आधी करायचं असतं, आपल्या धंद्यात त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात.) अमेरिकेच्या सीडीसीने 2007 मध्ये आकडे मांडले होते. 2001 ते 2005 या काळात तिथे दरवर्षी सरासरी 37,000 लोक नेल गनच्या जखमा घेऊन तातडीच्या विभागात जात होते. त्यातले 40 टक्के कामगार नव्हते, तुमच्या-माझ्यासारखे घरी काम करणारे होते. या घरगुती जखमींचा आकडा 1991 मध्ये 4,200 होता, तो 2005 मध्ये 14,800 झाला. मधल्या काळात कॉम्प्रेसर आणि गन स्वस्त होऊन हार्डवेअरच्या साध्या दुकानात मिळायला लागल्या होत्या. आता आपल्याकडे त्या स्वस्त झाल्यात. मला हा आकडा त्यामुळेच महत्त्वाचा वाटतो.

जखमा का होतात यात ट्रिगरचा मोठा वाटा आहे. एका प्रकारात आधी गनचं नाक लाकडावर दाबायचं, मग ट्रिगर. प्रत्येक चुकेला हा क्रम पुन्हा. दुसऱ्या प्रकारात ट्रिगर दाबूनच ठेवायचा आणि नाक जिथे जिथे आपटेल तिथे चूक सुटते. दुसरा प्रकार वेगवान. झटक्याने गन उडाली आणि परत टेकली की नको असलेली दुसरी चूकही तितक्याच वेगाने सुटते. 2011 मध्ये अमेरिकन सरकारी संस्थांनी ठेकेदारांसाठी जी पुस्तिका काढली तिच्यात स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या प्रकारात जखमेचा धोका दुप्पट. आपल्याकडच्या स्वस्त एफ-30 मध्ये काहींना नाकाशी खटका असतो, काहींना नुसता बोटाखालचा. घेताना हे विचारा. नाक दाबल्याशिवाय न सुटणारी गन थोडी महाग मिळाली तरी तीच घ्या. घरच्या माणसाला दुसऱ्या प्रकाराची गरज पडेल असं एकही काम मला आजवर सापडलेलं नाही.

आता आमच्या घरचे नियम. गन चालू असताना दुसऱ्या कोणाचाही हात त्या लाकडावर नाही. माझा डावा हात चुकेच्या लांबीपेक्षा बराच लांब, किमान एक वीत. पट्टी अरुंद असेल तर गन पट्टीला काटकोनात धरायची, लांबीच्या दिशेने नाही. चूक डावी-उजवीकडे वळते, मग ती वळली तरी लाकडाच्या लांबीतच राहते. गाठ दिसली तर ती जागा सोडायची. दाब 70 पीएसआयपासून सुरू करून फेकाऊ तुकड्यावर आधी चाचणी. डोळ्यांना चष्मा, सगळ्यांच्या, नुसत्या बघणाऱ्याच्याही. अडकलेली चूक काढण्याआधी नळी काढायची, दरवेळी. आणि गनच्या बाजूला बिनव्हॉल्व्हची साधी निप्पल हवी, कपलर नळीच्या बाजूला. उलटं जोडलं तर नळी काढल्यावरही गनमध्ये एका चुकेपुरती हवा दबून राहते. हे मी दोन जणांकडे उलटं जोडलेलं पाहिलंय. तुमचं आजच बघा.

आणि नळीने अंगावरचा भुसा उडवायचा नाही. कातडीला जखम असेल तर दाबाची हवा रक्तात जाऊ शकते. कारखान्यात मस्करी म्हणून हवेची नळी अंगाला लावली आणि माणूस गेला, अशा बातम्या आपल्याच पेपरात अधूनमधून येतात. पोरांना हे आधी सांगा.

शेवटचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो.

मिस्त्री पुढच्या खेपेला आले तेव्हा मी त्यांना हा किस्सा सांगितला. त्यांनी डाव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. पेरावर एक पांढरा ठिपका. "हाडात व्हती. पकडीनं वढली." मग त्यांची गन दाखवली. नाकाचा खटका तारेने मागे बांधलेला. मी विचारलं, का हो? "परत्येक डाव दाबायला टाइम जातो सायेब. रनिंग फुटावर काम हाय."

त्यांना घाई आहे. ती घाई आपण लावलेली आहे. गणपतीच्या आत किचन पाहिजे, दिवाळीच्या आत वॉर्डरोब पाहिजे, दर फुटाला दहा रुपये कमी करा, दुसरा मिस्त्री कमी सांगतोय. रिलीजची तारीख पुढून कोणी तरी ठरवून दिली की टेस्टिंग कुठे कापलं जातं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तेच इथे होतं. तार बांधलेली असते आणि ती बांधायला लावणारे आपण असतो. मग आपणच म्हणतो, या लोकांना सेफ्टीची काही पडलेली नसते.

मी आता एवढं करतो. माझ्या घरी काम करताना खटका मोकळा ठेवायचा, आणि त्यापायी जो दिवस जास्त लागेल त्याचे पैसे माझे. पहिल्यांदा मिस्त्रींना ती थट्टा वाटली. मग त्यांनी पक्कड घेतली आणि तार सोडली. मागच्या महिन्यात शेजारच्या बंगल्यावर काम करत होते तेव्हा सहज डोकावलो, तार परत बांधलेली होती. अर्थातच. तिथे फूट मोजणारा दुसरा होता. एका घराने काही बदलत नाही हे मलाही कळतं. पण हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं फर्निचर या ना त्या वर्षी होणारच आहे. एक दिवस जास्त द्या. वाकडी चूक आपल्या पोराच्या अंगठ्याजवळून गेली की तो दिवस किती स्वस्त आहे ते कळतं.

मांडणी पूर्ण झाली. पाचवी फळी मी एकट्याने केली. चिरंजीव खुर्चीवर, चष्मा लावून, पुढे कुठे गाठ आहे ते ओरडून सांगायच्या कामावर. सहा फुटाच्या पट्टीला वीस मिनिटं लागली.

मग नळी काढली, प्लग काढला, टाकीखालचा कॉक उघडला. फुस्स करून हवा गेली आणि मागोमाग तांबूस पाण्याचे थेंब. काटा शून्यावर आल्यावर घराला कुलूप लावलं आणि निघालो. चांदणी चौकात नेहमीप्रमाणे तासभर अडकलो. असो.